सुकामामाचा टेकू

शेजारच्यांच्या फोनवर धाकट्या भावाचा आवाज आला, "सुकामामा गेला," आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कुठून पडला?" मामा कुठूनच पडला नव्हता. सुरतेला, गोडादऱ्यातल्या आपल्या घरात, पोटभर जेवून झोपेत गेला होता. निम्मं आयुष्य बांधकामाच्या परांचीवर काढलेल्या माणसाने असं अंथरुणात जावं, हे मला पटेचना... फोन ठेवला आणि जळगावच्या त्या शेजाऱ्यांच्या ओट्यावरच रडत बसले. त्याला आता महिना होऊन गेला.

सुकलाल हा माझ्या आईच्या पाठचा भाऊ. खानदेशातल्या आमच्या गावात तो गवंडी होता आणि विटांच्या कमानीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग एका बड्या असामीच्या गोठ्याच्या दारावर त्याने कमान बांधली. मालक उतावळा. त्याने तिसऱ्याच दिवशी मामाला खालचा आधार काढायला लावला आणि कमान खाली आली. कोणाला काही लागलं नाही, एक काळी शेळी तेवढी धुळीने पांढरी झाली. पण गावच ते, त्या शेळीवर त्यांनी दोन महिने काढले. मामाने थापी-ओळंबा पोत्यात बांधला, आमच्याकडे सुरतेला आला आणि उधन्याला कापडाच्या लूमवर कामाला लागला. बांधकामाचा विषय निघाला की तो उठून पाणी प्यायला जाई.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गोडादऱ्यात घर बांधायला काढलं. ठेकेदार गुजराती होता. सगळ्या दारा-खिडक्यांवर सळया घालून सिमेंटची पट्टी ओतायची असं ठरलं. आईने एकच अट घातली, पुढच्या दारावर विटांची कमान, आणि ती सुका बांधील. अण्णांनी विचारलं, मग शेळी कुठून आणायची? आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मामाची थापी पोत्यातून बाहेर निघाली.

त्याचं काम बघत राहावं असं होतं. प्रत्येक वीट तो दुसऱ्या विटेवर वाजवून कानाशी नेई, नापास झालेली बाजूला ठेवताना तिची समजूत घातल्यासारखं काहीतरी पुटपुटे. ठेकेदार हसायला म्हणून आला तो विडी विझेपर्यंत उभाच राहिला. फळ्यांचा अर्धगोल साचा, त्याखाली दाराच्या मधोमध बाभळीचा जाड टेकू, आणि वर दोन्हीकडून चढत गेलेल्या विटा. मधली शेवटची वीट बसली तेव्हा आईने पेढे वाटले. पंधरा दिवसांनी टेकू काढायचा, की झालं.

पंधरा दिवसांनी मामा म्हणाला, "आजून ओली शे." महिन्याने म्हणाला, अमावास्या जाऊ द्या. मग पाऊस लागला. आम्ही त्या घरात राहायला गेलो ते टेकूसकट. साचा निघेना म्हणून चौकट बसेना, दाराच्या जागी आईची जुनी साडी लटकलेली, आणि घरातला प्रत्येक माणूस पोट आत ओढून, आडवा होऊन ये-जा करी. अंगाने भरलेल्या आमच्या काकूला ते जमेना, तिला आम्ही मागच्या दाराने घेत असू. अण्णा टेकूवर शर्ट टांगत. कोणा भाविकाने त्याला एकदा हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या गुजराती मासी रोज विचारत, "बेन, आ थांभलो क्यारे जशे?" हा खांब जाणार तरी कधी? दर सुटीला मामा येई, कमानीकडे बघे, टेकूला मात्र हात लावत नसे, जेवे आणि जाई.

दिवाळी आठवड्यावर आली आणि अण्णांचा संयम संपला. रविवारी ठेकेदाराचा माणूस येऊन टेकू काढील, त्यांनी जाहीर केलं. आईचा चेहरा उतरला. दुसऱ्याने हात घातला तर मामा पुन्हा कधी थापी धरणार नाही, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. तिने मामाला शनिवारीच बोलावून घेतलं. तो हातोडी घेऊन आला आणि टेकूसमोर नुसता उभा राहिला. घाम गळत होता. अण्णांनी आम्हाला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. तेवढ्यात आई पदर खोचून सरळ कमानीखाली जाऊन उभी राहिली.

"आक्का, बाजूले सरक," मामा म्हणाला.

"मी आठेच उभी शे. तू काढ."

त्याने विनवलं, तो रागावला, शेवटी रडकुंडीला आला. आई हलली नाही. मग त्याने डोळे मिटले आणि हातोडी मारली. टेकू निघाला, साचा निघाला, आईच्या डोक्यावर थोडी माती पडली. एवढंच. मामा मटकन खाली बसला. अण्णा रस्त्यापलीकडून म्हणाले, आता चौकट सांगायला हरकत नाही.

दिवाळीनंतर मामाने लूम सोडलं. गोडादऱ्यात कितीतरी दारांवर आज त्याच्या कमानी आहेत. नव्या घरमालकाला तो आधी ती हकिगत ऐकवी. वर्षागणिक तिच्यात टेकू वाढत गेले, विटा थरथरू लागल्या, शेवटी शेवटी तर ठेकेदारही बेशुद्ध पडू लागला. फक्त "मन्ही बहीण खाले उभी राहिनी" हे वाक्य कधी बदललं नाही.

दहाव्याला गेले होते तेव्हा मी आईला विचारलं, तुला त्या दिवशी भीती नाही वाटली? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कसानी भीती? टेकू तं पहिलेच ढिला व्हयेल व्हता." दसऱ्याआधी झाडताना तिचा धक्का लागला आणि तो हलला होता. लाकूड वाळून आकसलेलं. कमान कधीच आपल्या पायावर उभी होती. मग त्याला तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर टेकू निघाला असता, त्याच्या मनातली भीती निघाली नसती.

थोडा वेळ ती तांदूळ निवडत राहिली. एवढ्या दिवसांत, अंत्यविधीलाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"आठ वरीस तो लोकेसले मन्ही हिंमत सांगत फिरना," ती म्हणाली. "मी त्याले कधी सांगंच नही." आणि सूप बाजूला ठेवून ती रडायला लागली.