खानावळ बंद असताना आलेली हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कुणाच्या अंगात आलं की मी त्याच्या हातात केरसुणी देते, झाडून काढ म्हणते... तरी हे लिहितेय, कारण काही केल्या उलगडा होत नाही.

लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर माझी खानावळ. सासूने गिरणी कामगारांसाठी काढलेली. आता कॉलेजची मुलं जेवतात. परीक्षा आली की यांचे एकेक प्रकार — कोणी नखं खातं, कोणी नुसती कॉफी पितं, कोणी मोबाईलमध्ये बघून श्वास घेतं. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची पल्लवी, लातूरची, तिने जेवणच सोडलं. "घास उतरत नाही आजी," एवढंच बोलायची.

त्या दुपारी मुलं जेवून गेली, दाराला कडी लावून मी लसूण सोलत बसले. माझं जेवण व्हायचं होतं. दार वाजलं. पल्लवी, पाठीवर ही मोठी बॅग.

"खानावळ बंद झाली," मी म्हटलं.

"मग हाक कशाला मारली?"

"मी? तुला?"

"तुम्हीच की! गावी निघाले होते, गल्लीत होते. वरून आवाज आला — आदी जेव गो चेडवा, मगे जा खंय जावचा थंय. चेडवा म्हणजे काय हो आजी?"

हातातली लसूण हातातच राहिली. आधी जेव गं पोरी, मग जा कुठे जायचं तिथे — हे वाक्य माझ्या मालवणी सासूचं. संपात बोचकं बांधून गावी निघालेल्यांना ती गॅलरीतून अशीच ओरडून वर बोलवायची. तिला जाऊन पल्लवीच्या वयाहून जास्त वर्षं झाली. मी घाटावरची, मला मालवणी बोलता येत नाही. मजल्यावरच्या बाकी खोल्यांना तेव्हा कुलपं होती.

मी ताट वाढलं. ती रडायला लागली.

"रड, पण भात गार करू नकोस."

जेवता जेवता तिने सांगितलं — पेपर द्यायचेच नाहीत. घरी गेल्यावर वडील परत पाठवणार नाहीत, तेही तिला ठाऊक होतं.

"मग जा. मी कोण अडवणार? ताक घेतेस?"

ताक पिऊन ती बॅगेवर डोकं ठेवून तिथेच झोपली. संध्याकाळी उठली.

"आजी, गाडी गेली."

"गेली."

"...उद्या जेवायला येऊ?"

पेपर दिले तिने. एक विषय राहिला, तो पुढे सुटला.

उपाशी डोक्याला भास होतात म्हणाल. होत असतील. पण जी भाषा कळत नाही, तिच्यात भास कसा होतो, तेवढं सांगा.

मला दुसरंच सलतं. त्या बाईच्या हाताखाली मी तरुणपण काढलं, तिने कधी मला "जेवलीस काय" विचारलं नाही. त्या दुपारी मीही उपाशीच होते, त्याच दाराआड. मला काहीच ऐकू आलं नाही.