दुसरा घाव

माझा मामा खाटीक होता आणि त्याच्या तोंडी सतत एक शब्द असायचा: प्रीती. चर्चमध्ये 'शेजाऱ्यावर प्रीती करा' असा लहानपणापासून ऐकलेला तो शब्द तो दुकानातही तसाच वापरायचा. गिऱ्हाइकांची जुंपली की हातातला सत्तूर खाली ठेवून विचारायचा, "यात प्रीती कुठंय, ते सांगा आधी." लोक पोट धरून हसायचे. "मामा, या वयात प्रीती?" शेवटी त्याचं नावच प्रीतीमामा पडलं.

कामाचा मात्र त्याला गर्व होता. हाड एका घावात तुटलं पाहिजे, दुसरा घातला की चुरा होतो आणि कपच्या खाणाऱ्याच्या घशात अडकतात, असं तो सांगायचा. मी त्याच्याकडे मटण तोलायचे. त्याला दुसरा घाव घालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याची बहीण म्हणजे माझी आई. माझा बाप तिला मारायचा. पिऊन नव्हे, चांगला शुद्धीत, बाह्या वर करून. तिच्या बरगड्या मोडून झाल्या होत्या, एका कानाने ऐकू येत नव्हतं. चर्चचे पाळकसाहेब समजावायला आले, तेव्हा बापाने त्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आणलं आणि ते गेल्यावर तिचं डोकं खाटेच्या लोखंडी पायावर आपटलं. मी मामाला म्हटलं, काहीतरी कर. तो म्हणाला, "प्रीती त्याच्यावरही करायची आहे गं. तिथंच घोडं अडलंय." मला त्या शब्दाची शिसारी आली.

एका दुपारी आई अनवाणी दुकानात शिरली. जबडा एका बाजूला लोंबत होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पाठोपाठ बाप आला, हातात लोखंडी गज. त्याने मामाकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिला फटका आईच्या खांद्यावर बसला आणि ती मटण तोडायच्या ओंडक्याशी कोसळली. मग डोक्यात घालायला त्याने गज पुन्हा उचलला.

मामाने त्याचं मनगट वरच्यावर धरलं, ओंडक्यावर दाबलं आणि सत्तुराच्या पाठीने हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी रोज ऐकत होते, हा तसाच होता. गज खणकन खाली पडला. बाप गुरासारखा ओरडला. मामाने सत्तूर पुन्हा उचलला आणि त्याच जागी हाणला. हाड कातडी फाडून बाहेर आलं, रक्त माझ्या तराजूवर उडालं.

मग मामानेच आपला सदरा फाडून तो हात बांधला आणि दोघांना एकाच गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

आई नंतर मामाकडेच राहिली. बापाचा हात कायमचा कामातून गेला. आणि मामा रोज दुपारी दुकान बंद करून त्याच्याकडे डबा न्यायचा, स्वतःच्या हाताने त्याला भरवायचा. माझं डोकं फिरलं. "डावा हात आहे ना त्याला?" मी म्हटलं. मामा डब्याचं झाकण लावत राहिला.

मामाचं कामात मन लागत नाही हे कळून पाळकसाहेब दुकानात आले. "किती दिवस मनाला लावून घेणार आहेस? तिचा जीव वाचवलास. पहिला घाव नीट बसला नाही म्हणून दुसरा घातलास, एवढंच ना?" सगळ्यांची तीच समजूत होती, माझीही.

मामा ओंडका खरवडत होता. "पहिला नीट बसला होता, साहेब. गज पडलेला मी ऐकला. तो घाव प्रीतीचा होता. तिच्यावरची, आणि त्याच्यावरचीही. खुनी व्हायचा वाचला तो." खरवडणं थांबवून तो म्हणाला, "दुसरा घातला तेव्हा प्रीती कुणावरच नव्हती. मला बरं वाटलं, साहेब. फार बरं वाटलं."

मामाने हात धुतले आणि तो डबा घेऊन बाहेर पडला.

बापाला मी माफ केलेलं नाही. तो दुसरा घाव आठवला की मलाही अजून बरं वाटतं. आणि बरं वाटलं की घशात कपची टोचते, हातातला घास खाली ठेवावा लागतो.