पायाळू माणसाचं जाहीर निवेदन

दोंडाईच्याच्या आसपास राहणाऱ्या, तसेच तिथून उठून सुरतेत वसलेल्या तमाम मंडळींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, निवेदन करणारा इसम जन्मतः पायाळू असून त्याच्या उजव्या पायाची सेवा यापुढे कायमची बंद होत आहे. कंबरेत उसण भरलेल्यांनी आपापली सोय बघावी.

गाव सोडलं तो प्रसंग आधी सांगतो, कारण त्यात मी आईला लाथ मारली होती. दोंडाईचा स्टेशन, माझ्या हातात पत्र्याची पेटी, मायच्या डोक्यावर कळण्याच्या पिठाची पिशवी. सुरतेची गाडी लांबून दिसायला लागली तशी माय कंबर धरून वाकली. ‘उसण भरनी रे,’ म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी चप्पल काढली, टाच तिच्या कंबरेला टेकवून हलकेच ढकलली आणि लगेच वाकून तिच्या पाया पडलो. हा आमचा ठरलेला क्रम होता, आधी लाथ, मग पाया. शेजारचा एक परगावचा प्रवासी माझी गचांडी धरायला धावला. माय त्याला म्हणाली, ‘राहू द्या भाऊ, तो पायाळू शे.’ तो बिचारा सुरतेपर्यंत माझ्यासमोर पाय जवळ ओढून बसला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाळ डोक्याकडून येतं, मी पायाकडून आलो. मायला त्यात मरणाचा त्रास झाला, पण गावाची सोय झाली. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते, अशी आमच्याकडे खात्री. ‘एक लाथ मार रे भो, उठी बसी,’ म्हणजे माणूस उठून बसेल, असं म्हणत लोक मला खेळातून उचलून न्यायचे. हेडमास्तरांना लाथ मारून शाबासकी मिळवलेला मी शाळेतला एकमेव विद्यार्थी. शेजारची गंगूअक्का तर दर पेरणीला एकदा आणि वेचणीला एकदा माझ्यापुढे पाठ करून बसायची.

सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात लागलो. तिथं माझ्या पायाला कोणी विचारलं नाही. तिथली माणसं कंबर दुखली की पट्टा बांधतात, स्प्रे मारतात, ‘सारू थई जशे’, होईल बरं, म्हणतात आणि कामाला लागतात. लग्न झालं, खोलीचं घर झालं, मी ताकाला छास म्हणायला लागलो. गावी सुटीत जायचो. माझी सुटी संपत आली की मायची उसण भरायची. पेटी भरायला घेतली की ती कण्हत पाठ करून उभी. इतकी वर्षं तिची कंबर माझ्या गाडीच्या वेळा कशा सांभाळते याचा मी कधी विचार केला नाही.

यंदा माझी मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘ब्रीच आहे, त्यातही फुटलिंग.’ म्हणजे काय विचारलं तर कळलं की बाळाचे पाय खाली आहेत. मी दवाखान्यातच असा हसलो की बायकोने चिमटा काढला. आमच्या घराण्याच्या इतक्या मोठ्या विद्येला यांच्याकडे नुसतं ब्रीच म्हणतात. बाई मात्र हसल्या नाहीत. नाळ आधी घसरली तर बाळ हाती लागणार नाही, सिझरच करावं लागेल, म्हणाल्या.

मायला फोन केला. वारस मिळाला म्हणून ती आधी खूश, मग शंका. ‘तो दारमाईन येवाव नही, खिडकीमाईन येवाव. त्याले पायाळू कसं म्हनो?’ पोट फाडून येणारा पायाळू धरायचा की नाही, यावर आम्ही दोघं बराच वेळ भांडलो.

मग एका दुपारी पल्लवीला कळा सुरू झाल्या. रिक्षा करून पळालो, तर बाईंनी ‘फॉल्स पेन्स’ म्हणून परत पाठवलं. तेही मायला सांगितलं. ती हसली. ‘कळा भी खोट्या राहतस का?’ मग म्हणाली, ‘मन्ही उसण सारी खोटी व्हती रे भो. तू निंघना की भरे. आते भरनी ती खरी शे.’

भावाने तिला धुळ्याला नेलं. दुखणं कंबरेचं नव्हतंच, आत फार पसरलेलं निघालं. मी निघणार तोच पल्लवीचं सिझर झालं, नातू झाला, आणि त्याची कावीळ वाढली म्हणून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. बाळ घरी आणलं की लगेच निघतो, असं मायला सांगितलं. ‘फोटोथेरपी चालू आहे,’ म्हटलं, तर म्हणते, ‘इतला लवकर फोटो? मंग माले भी धाड. पायना धाड.’

मी नातवाच्या पायांचा फोटो काढून धाडला. भावजय सांगते, मायने तो डोळे भरून बघितला आणि फोन कंबरेखाली ठेवून पडून राहिली. खिडकीतून आलेला तिला शेवटी चालला.

बाळ दवाखान्यातून सुटायच्या आत भावाचा फोन आला. सकाळी दोंडाईच्याला उतरलो. घर कशाला म्हणायचं हे मला त्या रिकाम्या फलाटावर कळलं. मी उलटा जन्मलो याचं जिथं कोणाला तरी काम होतं, ते माझं घर. आता सुरतेत मी सरळ चालणारा एक माणूस आहे, इतकंच.

ओसरीवर मायला निजवलं होतं. बायका रडत होत्या. मी चप्पल काढली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. आमचा क्रम पहिल्यांदाच मोडला, नुसते पाया. कोपऱ्यात बसलेली गंगूअक्का आता फार थकली आहे, कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतो हे तिला कळत नाही. बायकांच्या रडण्यावरही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

‘काय पाया पडी राहिना? एक लाथ मार ना रे भो तिले, उठी बसी.’