आमच्या गावाकडचे एक

देवरीकडच्या एका गावात जुना ट्रॅक्टर पाहायला गेलो होतो. इंजिन सुरू करून बॉनेटला कान लावून उभा असताना मित्राच्या घरून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" दुखण्यातला माणूस, वाटलं नागपूरला नेलं असेल. इंजिनाच्या आवाजात पुढचं ऐकू येईना. मी इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत मला कळलं… लोकांच्या बोलण्यातून अर्थ काढून पोट भरलेला मी माणूस, 'हे गेले' एवढ्या दोन शब्दांत फसलो. तो जिवंत असता तर त्यानं हे वहीत टिपून घेतलं असतं आणि वर्गात खुलवून सांगितलं असतं, "आमच्या गावाकडचे एक आहेत, त्यांची गंमत ऐका." माझं नाव मात्र घेतलं नसतं.

म्हणून मीही त्याचं घेणार नाही. पुरवणीच्या संपादकांशी माझं यावरून वाजलं. ते म्हणाले, "गेलेल्या माणसाला 'ते' लिहितात हो. आणि नावाशिवाय स्मृतिलेख कसा छापायचा?" मी म्हणालो, मी 'तो'च लिहीन, नाव हवं तर फोटोखाली तुम्ही टाका. नाही तर लेख दुसऱ्याकडून लिहून घ्या. सौदा तुटतो की काय असं वाटत होतं, पण ते उतरले.

आम्ही गोरेगावजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसून चोरलेली बोरं खाल्ली ती एकाच टॉवेलातून. नववीत माझी शाळा सुटली. गॅरेजात पाने उचलून देता देता मी जुन्या ट्रॅक्टरांच्या दलालीत शिरलो. तो शिकत गेला. सुट्टीत आला की माझ्या मोटारसायकलवर मागं बसून सौदे पाहायला यायचा. दरेकशाच्या चढावर गाडी ढकलावी लागली तरी कुरकुर नव्हती. एकदा एका विकणाऱ्याला मी म्हणालो, "रंग छान आहे तुमच्या ट्रॅक्टरचा." त्या माणसाचा चेहरा पडला. परतताना यानं विचारलं, "तू त तारीफ केली, तो नाराज काऊन झाला गा?"

"ट्रॅक्टर पाहाले गेलेल्या मानसानं रंगाचीच तारीफ केली, म्हणजे इंजिन बेकार आहे ना बे!"

"अन् शेवटी 'पाहू' म्हनलास, त्याचा अर्थ का?"

"नाही."

"मग सिधा 'नाही' म्हनाले का होते?"

"'नाही' म्हनलं त मानूस परत येत नाही. 'पाहू' म्हनलं का फाटक उघडं राह्यते. फक्त आत कोनाले घेत नाही आपन."

तो मागं बसून इतका हसला की गाडी डुलली. मग मला थांबवून, रस्त्याच्या कडेला, माझ्याच पाठीवर वही टेकवून त्यानं ते लिहून घेतलं. पेनाचं टोक मला शर्टातून टोचत होतं. आज वाटतं, त्याचं पुढचं सगळं माझ्या पाठीवरच लिहिलं गेलं.

तो गोंदियात प्राध्यापक झाला, फुलचूरला घर बांधलं. माणसं बोलतात एक आणि सुचवतात दुसरं, ते कसं, यावर त्यानं विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढलं. रंग आणि इंजिन त्यात होतं. 'पाहू'वर तर अख्खं प्रकरण. कोण म्हणालं? 'एक दलाल.' ऋणनिर्देशात छापणारा होता, मुखपृष्ठवाला होता, मुद्रितं तपासणारी बाई होती. मी नव्हतो. जाब विचारायला गेलो तर शांतपणे म्हणाला, "ज्याले कळाचं त्याले कळते गा." मी पुस्तक उलटसुलट केलं आणि म्हणालो, "बायंडिंग मजबूत आहे." त्याला बरोबर कळलं. तो लाल झाला. त्या दिवसापासून त्याच्या तोंडचा सलगीचा 'गा' गेला.

आणि 'गा' गेल्यावर काय येतं, ते मी त्याच्या सत्काराच्या दिवशी ऐकलं. पुण्या-नागपूरचे पाहुणे होते. मी शाल घेऊन पुढं गेलो. त्यानं माझ्याकडं हात केला आणि पाहुण्यांना म्हणाला, "हे आमच्या गावाकडचे एक." मग मला म्हणाला, "आपण जेवून जा हं." वहिनी त्याला 'हे' म्हणायच्या, त्यात सगळा संसार असायचा. त्यानं मला 'हे' म्हटलं, त्यात नुसतं बोट होतं. आणि 'आपण'! ज्याला जन्मभर 'गा' म्हटलं, त्याला एकाएकी मान दिला की तो दाराबाहेर नेऊन सोडल्यासारखा होतो. हेही त्याच्याच पुस्तकात आहे. म्हणजे त्याला माहीत होतं. न कळता केलेलं मी सोडून देतो. हे शिकून-सवरून केलं होतं. शाल खुर्चीवर टाकली आणि न जेवता निघालो. मागून हाक येईल म्हणून फाटकाशी जरा रेंगाळलो, हे मात्र खरं…

शेवटची भेट व्हरांड्यात झाली. तो वेताच्या खुर्चीत, पायावर चादर. पार वाळला होता. "या, बसा," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. आजारी माणसासमोर ओरडू नये, मी ओरडलो. "बसा कोनाले म्हनतेस बे? मी का पाहुना आहो? पुस्तकाची नवी आवृत्ती निघून राहिली म्हनते. त्यात माहं नाव टाक. अन् आत्ता, इथंच, एकदा 'ये गा फागू' म्हन. बस. बाकी सारं माफ."

वहिनी आतून दारापर्यंत आल्या. त्यानं पायावरची चादर सारखी केली. ओठांच्या कोपऱ्यात ते मोटारसायकलवरचं हसू हललं की काय, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"पाहू," तो म्हणाला.

शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी एवढंच म्हणालो, "त्याचे कपडे नेहमी कडक इस्त्रीचे असायचे," आणि बसलो. लोकांनी माना डोलावल्या. गर्दीत फक्त वहिनींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

परवा त्यांनी बोलावलं म्हणून फुलचूरला गेलो. व्हरांड्यात ती वेताची खुर्ची तशीच आहे, हातावर पेनाच्या शाईचे डाग. कोणी तिच्यात बसत नाही म्हणे. मी बसलो, मुद्दाम, पाय पसरून. वहिनींनी चहा आणला. मग नव्या आवृत्तीच्या मुद्रितांची पानं माझ्या पुढ्यात ठेवली. त्यानं शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं तपासलेली. मी ऋणनिर्देश काढला. शेवटून दुसरी ओळ लाल पेनानं नवी घातली होती: 'आणि आमच्या गावाकडचे एक.'

मी पानं मिटली. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जे झालं ते झालं. गेलेल्या मानसावर राग नाही धरत. केलं ना माफ त्याहिले?"

मी चहा संपवला. बशी खुर्चीच्या हातावर, शाईच्या डागांवर ठेवली.

"पाहू," मी म्हणालो.