तांदळाचं परत धान

सातवीला विज्ञान शिकवताना मी एक सोपा नियम सांगून टाकला. बदल उलटा फिरवता आला तर भौतिक, नाही आला तर रासायनिक. पाण्याचा बर्फ, बर्फाचं पाणी. कागद जाळला की खेळ खलास. पुस्तकात याहून बरंच काही लिहिलं होतं, पण वीस वर्षं शिकवल्यावर मास्तर पुस्तकाकडे जरा वरूनच बघतो.

चाचणीत विचारलं, धान भरडून तांदूळ काढणं हा कोणता बदल? वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं लिहिलं, रासायनिक. मला संतापच आला. हिच्या घरासमोर धानाची गिरणी, आणि हे उत्तर! त्या उत्तरापुढे लाल शाईनं ठसठशीत भोपळा काढला आणि पेपर वर्गासमोर नाचवला.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. तिची आई आली, पदरात ओंजळभर तांदूळ घेऊन.

“गुरुजी, याचं परत धान करून द्या.”

“अहो बाई, ते कसं होईल?”

“नाही होत ना? मंग माही पोरगी कायले चुकली? तुमीच सांगतलं, परत नाही होत तं रासायनिक. कालपासून जेवून नाही राहिली. शाळेतच नाही जात म्हणते.”

मी नाइलाजानं पुस्तक उघडलं. नवा पदार्थ तयार झाला तर रासायनिक, नाहीतर भौतिक. धानाचं टरफल गेलं, आतला तांदूळ तोच राहिला. म्हणजे उत्तर चूक होतं, पण ते माझ्याच नियमानं काढलेलं होतं. “घेऊन या तिला,” मी म्हणालो.

ती आल्यावर मी सगळ्या वर्गासमोर माझी चूक कबूल केली आणि मोठ्या मनानं म्हणालो, “तुला पूर्ण मार्क.”

“नोको, गुरुजी. उत्तर तं चुकलंच ना. पण तो भोपळा माहा नाही, तुमचा हाये.”

तिनं खडू उचलला, फळ्यावर ‘गुरुजी’ लिहिलं आणि पुढे भलंमोठं शून्य काढलं. पोरं बाकं बडवून हसली. माझे कान तापले. पुसायला डस्टर उचललं आणि तिच्याकडे लक्ष गेलं. ती हसत नव्हती. काल हीच पोरं अशीच हसली होती, आणि तिच्या हातात डस्टर नव्हतं.

मी ते खाली ठेवलं.