उजवीकडची सीट

आमच्या मीरा रोडच्या हॉलमध्ये आठ दिवस गाडीच्या दोन सीटा मुक्कामाला होत्या. सोफा भिंतीला सरकवला, टीपॉय बाल्कनीत गेला आणि टीव्हीसमोर अगदी मधोमध त्या दोन गुबगुबीत सीटा शेजारी शेजारी विराजमान झाल्या. चौथ्या मजल्यावर त्या लिफ्टने आल्या. दुसरी आणताना तर आमचे हे तिच्यावर बसूनच वर आले. लिफ्टचं दार उघडलं, तर समोर सोसायटीचे सेक्रेटरी. ह्यांनी बसल्या जागेवरून त्यांना ऐटीत हात दाखवला आणि "गाडी पुढे जाणार नाही" म्हणाले.

ह्यांनी तेहतीस वर्षं बस चालवली. रिटायर झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, ह्यांनी एक जुनी स्कूलव्हॅन घेतली. दीड वर्ष खपून तिच्यात दोघांपुरता पलंग केला, शेगडी बसवली, छोटं बेसिन लावलं, खिडक्यांना मी पडदे शिवले. चाकांवरचं घर तयार झालं आणि ते सोसायटीच्या आवारात उभं राहिलं ते राहिलंच. कारण ह्यांची कंबर. जुन्या ड्रायव्हर सीटच्या स्प्रिंगा इतक्या गेलेल्या, की पाऊण तासात हे वाकडे होऊन उतरायचे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, ही सीट तरी बदला नाहीतर गाडी तरी विका. वसईचा एक माणूस गाडीसाठी दर रविवारी फोन करत होता. मग आमच्यात ठरलं, की पुढच्या दोन्ही सीटा बदलून बघायच्या. तरीही कंबर नाही म्हणाली, तर वसईला हो म्हणायचं.

ह्यांना गाडी जाईल याचं दुःख होतं. माझं दुःख वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला एकदा ह्यांच्या शेजारी बसून लांब जायचं होतं. स्वतःची गाडी आमच्याकडे कधी नव्हती. मी ह्यांच्या बसमध्ये पुष्कळदा बसले, पण जाळीच्या मागे. जाळीवर पाटी होती, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. एकदा घरचा गॅस बंद केल्याचं आठवेना म्हणून मी मागून हळूच विचारलं, तर ह्यांनी मानसुद्धा वळवली नाही. रात्री घरी आल्यावर म्हणाले, "पाटी वाचता येते ना?" हा राग मी सव्वीस वर्षं जपून ठेवलाय.

दुसराही एक राग आहे, तोही सांगून टाकते. मुलं लहान असताना मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन गाडी शिकले. पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलं. ह्यांनी मित्राची गाडी मागून मला उत्तनच्या रस्त्यावर नेलं आणि दहा मिनिटांत इतके ओरडले, की मी किल्ली त्यांच्या हातात ठेवून रिक्षाने घरी आले. तेव्हापासून लायसन्स कपाटात. मुदत संपली की मी ते नव्याने करून आणायचे, निव्वळ चिडून.

तर सीटा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात एका ठोकलेल्या मोठ्या गाडीतून त्या निघालेल्या. भाईंदर पूर्वेचा आमचा वेल्डिंगवाला नेमका आठ दिवस गावी गेला होता, म्हणून त्या घरात आल्या. नवी वस्तू घरात आली की मी हळदकुंकू वाहिल्याशिवाय ती वापरू देत नाही. मिक्सरलाही वाहिलंय. सीटांवर कुंकवाची बोटं उठवली, मधे नारळ ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "आता जोडीने बसा." पूजेला बसतो तसे बसलो, मी ह्यांच्या उजव्या हाताला. बसलो काय, आणि उठावंसंच वाटेना! पाठ अशी काही टेकली, की ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी चहासुद्धा त्यांनाच करायला लावला.

त्या आठ दिवसांत आम्ही सोफ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सकाळचा पेपर सीटवर, जेवण सीटवर, मालिका सीटवर. ह्यांनी पट्टे लावूनच बातम्या बघायला सुरुवात केली. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन रोज दुपारी ढोकळा घेऊन यायच्या, "बस पाँच मिनट बैठूँगी" म्हणून बसायच्या आणि चक्क घोरायच्या. एकदा मी किचनमधून आले तर सेक्रेटरी आणि हे शेजारी शेजारी बसून, काही न बोलता, बंद टीव्हीकडे बघत होते. कुठे निघालात विचारलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "आत्ता घाट लागलाय." मी पन्नाशीच्या पुढे गेल्यापासून इतकी हसले नव्हते.

मग वेल्डिंगवाला गावाहून आला. सीटांचे सरकणारे रूळ गंजून गेले होते, त्यामुळे सीट पुढेमागे होणार नव्हती. ज्याच्या त्याच्या मापाचा लोखंडी स्टँड करून कायमची वेल्ड करायची. माप घ्यायला तो घरीच आला. "अंकल, आप लोग जैसे बैठते हो वैसे बैठो." आम्ही बसलो, जसे रोज बसत होतो तसे. मी चार फूट दहा, हे सहा फुटाला दोन बोटं कमी. माझी सीट पुढे आणि उंच हवी, म्हणजे मला रस्ता दिसेल. ह्यांची खाली आणि मागे, पाय लांब करता येतील अशी. त्याने टेप लावला, खडूने उजव्या सीटच्या पाठीवर एक खूण केली, डाव्या सीटच्या पाठीवर दुसरी. ह्यांनी मधेमधे सूचना केल्या. "एक सूत इधर, एक सूत उधर." तेहतीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, कोण काय बोलणार?

शनिवारी दुपारी फोन आला, गाडी तयार. आम्ही दोघं नटूनथटून त्याच्या गाळ्यावर गेलो. मी मोगऱ्याचा गजरा घेतला होता, आरशाला लावायला. हे उजव्या बाजूने चढले. म्हणजे चढायला लागले आणि मधेच अडकले. गुडघे स्टिअरिंगखाली, मान छताला. मी डावीकडून चढले आणि जी आत गेले ती गेलेच. मला रस्ता सोडा, काचसुद्धा दिसेना, दिसला तो फक्त डॅशबोर्ड. मी आतून ओरडले, "अहो, मी कुठे आहे?" आणि ह्यांनी स्टिअरिंगवरून वाकून बघितलं, मग माझ्या सीटकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे.

तेव्हा आम्हाला कळलं. आठ दिवस आम्ही पूजेला बसल्यासारखे बसलो होतो, बायको उजवीकडे. वेल्डिंगवाल्याने इमानदारीत तसंच माप घेतलं होतं. तेहतीस वर्षं रोज उजवीकडे बसलेला ड्रायव्हर स्वतःच्या घरात डावीकडे बसून सूत इकडे, सूत तिकडे करत होता! वेल्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला. "अंकल, ड्रायवर राइट में बैठता है ना?" ह्यांना इतकं हसू फुटलं, की कंबर धरून ते जिना उतरावा तसे एकेक पाय टाकत खाली उतरले.

"दो घंटे का काम है, काटके अदला-बदली कर देता हूँ," तो म्हणाला आणि कटर आणायला वळला. तेवढ्यात हे सहज माझ्या जागेवर, म्हणजे डाव्या सीटवर जाऊन बसले. पाय लांब केले. पाठ टेकली. माझं आणि वेल्डिंगवाल्याचं चहापान झालं, त्याने कटरची वायर जोडली, तरी हे उतरेनात. मी घाबरले. मला वाटलं, कंबर धरली, आता वसईला फोन.

"काय झालं?"

"काही नाही. दुखत नाहीये." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "क्लच दाबायचा नसला की दुखतच नाही बघ."

ह्या माणसाची ओळखच त्या उजव्या सीटवर होती. वेल्डिंगवाला कटर घेऊन उभा, कुठून कापू विचारत होता.

"रहने दो," हे म्हणाले. "कुछ नहीं काटना." आणि मला, "लायसन्स कुठंय तुझं?"

पर्समध्येच होतं. का होतं ते मला विचारू नका.

मी उजवीकडे चढले. पाय बरोब्बर क्लचवर, ब्रेकवर. समोर सगळा रस्ता. माझ्या मापाची ड्रायव्हर सीट! मला भीती वाटली, आनंदही झाला आणि मी आधी गजरा आरशाला लावून टाकला. वेल्डिंगवाल्याने गाडी सोसायटीत आणून सोडली, मग आठ दिवस मी आवाराच्या आवारात मागेपुढे केलं, बेननी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या, दोन कुंड्या गेल्या. हे एकदाही ओरडले नाहीत. तोंडावर रुमाल धरून बसायचे.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही उत्तनला निघालो. राई गाव गेलं, चढण आली, मी गिअर बदलला आणि गाडी बंद पडली नाही. तारोडीजवळ रस्त्याकडेला सुके बोंबील घेतले. विकणाऱ्या मावशींनी मला बघितलं, मग ह्यांना. "बाय, तू चालवतं? आन् बाबा बसून हाय?" हे एवढंसं तोंड करून म्हणाले, "बसून हाय." मावशींनी हसत दोन बोंबील वर घातले.

परत निघालो. वळण आलं, समोरून टेम्पो, माझी बोटं स्टिअरिंगवर घट्ट. ह्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. शेवटी राहवेना त्यांना. घसा साफ करून हळूच म्हणाले, "अगं, मी काय म्हणतो, गॅस बंद केला होतास ना?"

मी मानसुद्धा वळवली नाही. टेम्पो गेला, वळण गेलं, समुद्र दिसला. सव्वीस वर्षं जपलेला राग, तो एवढा गोड निघेल असं वाटलं नव्हतं.

"वाहन चालू असताना," मी म्हटलं, "चालकाशी बोलू नये."