घरकाम, उत्पन्न शून्य

आमचं एडवण गाव सोडलं तेव्हा टेम्पोत एक गादी, दोन पिंपं, मिक्सर आणि माझ्या मांडीवर दोन वर्षांची मानसी, एवढा आमचा संसार होता. नवऱ्याला बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. आईने सुक्या बोंबलांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि सगळ्यांदेखत बजावलं, "भुकेली रा, पन कोनाची धुनीभांडी कराला जाऊ नको." तासाभराच्या वाटेवर निघाले होते मी, पण आमचा थाट परदेशी जाण्याचा.

गावी राहिलेल्या बायांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे फॉर्मवर बाईच्या नावापुढे एकच शब्द लिहितात: घरकाम. वाडीला पाणी सोडा, पानवेली बांधा, टोपली घेऊन बाजारात बसा, सगळं त्यातच आलं. उत्पन्न शून्य. मलाही त्यात कधी काही खटकलं नाही, इतकी मी शहाणी.

मानसी कॉलेजात गेली तेव्हा मी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सकाळचा अर्धा दिवस चपात्या करायला लागले. तिथल्या यूपीच्या कामगारांच्या तोंडी मी 'रोटीवाली दीदी' झाले. पहिला पगार हातात आला त्या दिवशी मी उगाचच बाजारातून दोन फेऱ्या मारल्या. मग मानसीच्या फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायची वेळ आली, आणि कळलं की नवऱ्याच्या पगारात माझा अर्धा दिवस मिळवला की आम्ही मर्यादेच्या जरासे वर जातो. जरासे वर गेलात तर सवलत जराशी कमी व्हावी, असं तुम्हाला वाटेल. नाही. अख्खी जाते. माझा वर्षाचा पगार त्या फीत जिरणार होता. ज्या कुणी हा नियम केला, त्याने आयुष्यात एक चपाती लाटलेली नसणार.

नवऱ्याने तोडगा काढला. "घरकाम लिव ना गो, नेमी लिवतो तसा. आर्ध्या दिवसाच्या कामाला कोन नोकरी म्हनते?" माझा पगार झाला की हाच माणूस पहिला हात पुढे करतो.

पालघरला असे अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात मी गेले. कॉम्प्युटरवरच्या मुलीने विचारलं, "काय करता?" मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "घरकाम."

"किती घरी? महिन्याचे किती मिळतात?"

बोईसर-पालघरकडे घरकाम म्हणजे सोसायटीतल्या बायकांकडची धुणीभांडी, हे माझ्या इतकी वर्षं इथे राहूनही लक्षात आलं नव्हतं. आईने जे करू नको म्हटलं होतं, तेच मी स्वतःच्या तोंडाने सांगून बसले होते. मुलगी समजूतदार होती. म्हणाली, "स्वतःच्याच घरचं का? मग गृहिणी लिहिते. उत्पन्न शून्य."

मान डोलावली असती तर मानसीची फी वाचली असती. पण ते शून्य तिने इतक्या सहज टाइप केलं की माझं डोकंच फिरलं. "खोड ते," मी म्हटलं. "अर्धा दिवस नोकरी आहे. पगार लिही."

सवलत गेली. नवरा दोन दिवस भांडी आदळत राहिला, एरवी त्यांना हात लावत नाही. मानसीने सरळ विचारलं: "मम्मी, खरं बोलायला तुला माझीच फी सापडली?" आजही तिच्यापुढे मला माझीच चीड येते.

परवा एडवणला गेले. आई शेजारणीला कौतुकाने सांगत होती, "माजी पोर घरीच असते. तिला काय कराला लागत नाय." इतकी वर्षं मी हे ऐकून गालात हसायचे. या वेळी म्हटलं, "आई, मी कामाला जाते. चपात्या करते."

आईचा चेहरा उतरला. "कोनाच्या घरात?"

"कोनाच्याच नाय."

तिला ते कळलं नाही. तिने भरून ठेवलेली बोंबलांची पिशवी मी उचलली आणि निघाले. घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मला पटकन सांगता येत नाही. दोन्ही गावांत माझ्या नावापुढचं शून्य कुणी आपणहून खोडलं नाही. ते मी पालघरच्या एका दुकानात, पोटच्या पोरीची फी मोजून खोडून घेतलं.